प्रमाणपत्र भिंतीवर, फार्मासिस्ट कुठे?

बारावीचा निकाल लागला की मराठवाड्यातील घराघरांतून एक हिशेब मांडला जातो. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे गावही त्याला अपवाद नाही. कापूस, मका आणि सोयाबीन यांच्या भरवशावर चालणाऱ्या घरातील विज्ञान शाखेचा मुलगा वा मुलगी वैद्यकीय प्रवेशाला लागणाऱ्या गुणांपर्यंत पोहोचत नाही. अभियांत्रिकीची पदवी घेऊन रिकामे बसलेले शेजारचे तरुण सर्वांनी पाहिलेले असतात. आणि मग घरात ‘डी. फार्मसी’चे नाव निघते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर पाचशे तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, हाती पडणारे नोंदणीचे प्रमाणपत्र, आणि ‘काहीच जमले नाही तर गावात मेडिकल टाकता येईल’ हा दिलासा. शेतकरी बाप त्यासाठी कर्ज काढतो, प्रसंगी वावराचा तुकडाही विकतो.

हा हिशेब चुकीचा आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु तो अपुरा आहे, हे मात्र स्पष्टपणे सांगावयास हवे. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. शिक्षक वीस वर्षांनी मुख्याध्यापक होण्याची आशा बाळगू शकतो, लिपिकाला वरिष्ठ लिपिकाची पायरी दिसत असते. फार्मसीची पदविका घेतलेल्या तरुणापुढे अशी कोणती शिडी आहे? आणि ती नसेल, तर ती कोणी काढून घेतली?

या व्यवसायाची घडण फार जुनी नाही. ब्रिटिश अमदानीत औषध देणारा म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा कंपाउंडर. बाटलीत मिश्रण भरावे, बाटलीवर मात्रांच्या खुणा असलेली कागदाची पट्टी चिकटवावी, पुड्या बांधाव्यात, एवढे त्याचे काम. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली 1930 मध्ये नेमलेल्या औषध चौकशी समितीने या क्षेत्रातील अनागोंदी सरकारच्या नजरेस आणली. बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी औषधनिर्माणशास्त्राच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला तो त्याच दशकात. पुढे 1940 चा औषधविषयक कायदा, 1945 चे नियम आणि 1948 चा फार्मसी कायदा आला. भारतीय फार्मसी परिषद 1949 मध्ये अस्तित्वात आली. पहिल्या नोंदवहीत अनुभवी कंपाउंडरांनाही स्थान देण्यात आले होते. कारण व्यवसाय उभा करावयाचा तर हाताशी असलेल्या माणसांपासूनच आरंभ करणे भाग होते.

या सर्व कायद्यांच्या मुळाशी विचार एकच होता. औषध ही किराणा मालासारखी वस्तू नव्हे; ती रोग्याच्या हाती देणारा माणूस जाणकार आणि जबाबदार असला पाहिजे. म्हणूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः अथवा त्याच्या व्यक्तिशः देखरेखीखालीच दिले जावे, असा नियम झाला. फार्मासिस्टची प्रतिष्ठा, वेतन आणि उत्कर्ष ही सारी या एका नियमावर उभी आहे. हा नियम पाळला गेला तर त्याच्या ज्ञानाला मोल आहे. तो केवळ कागदावर राहिला, तर मोल उरते ते कागदालाच.

महाराष्ट्राने या नियमाची एकदा कसोटी पाहिली आहे. महेश झगडे हे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर आहे की नाही, याची तपासणी कठोरपणे सुरू झाली. कितीतरी दुकानांचे परवाने निलंबित वा रद्द झाले. विक्रेत्यांच्या संघटनांनी 2012 आणि 2013 मध्ये बंदचे हत्यार उपसले. त्यांच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले, त्यांतील एक मुद्दा त्या वेळी बऱ्याच जणांना पटला. फार्मासिस्ट पुरेसे उपलब्धच नाहीत, मग दुकानदाराने आणावेत कोठून?

त्यानंतरच्या दहा वर्षांत चित्र पार पालटले. औषधनिर्माणशास्त्राची विद्यालये झपाट्याने वाढू लागली. ही वाढ इतकी बेसुमार होती की, 2020-21 या शैक्षणिक वर्षापासून पाच वर्षे नवी विद्यालये उघडण्यास स्थगिती देण्याचा निर्णय खुद्द भारतीय फार्मसी परिषदेला घ्यावा लागला. संस्थाचालक न्यायालयात गेले. शैक्षणिक संस्था काढण्याच्या मूलभूत हक्कावर असे बंधन घालावयाचे तर ते कायद्यानेच घालता येईल, केवळ परिषदेच्या ठरावाने नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये दिला. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय निर्विवाद आहे. परंतु दार उघडल्यावर आत किती जण शिरणार, आणि त्यांना बाहेर काम मिळणार की नाही, हे पाहणे काही न्यायालयाचे काम नव्हे. ते ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले असे म्हणता येणार नाही.

येथेच या प्रश्नातील खरी विसंगती दिसते. दहा-बारा वर्षांपूर्वी सांगितले जात होते की दुकानांना फार्मासिस्ट मिळत नाहीत. आज पदविकाधारक सांगतात की फार्मासिस्टना काम मिळत नाही. टंचाई गेली, विपुलता आली. तरीही अनेक दुकानांत गल्ल्यामागे उभा असलेला माणूस तोच, दहावी-बारावी झालेला, खोक्याचा रंग आणि नावाची पहिली चार अक्षरे पाहून औषध काढून देणारा. तेव्हा दोष केवळ टंचाईचा होता, ही समजूत आता टिकत नाही. दोष व्यवस्थेचा आहे, आणि त्या व्यवस्थेचे नाव आहे भाड्याचे प्रमाणपत्र.

ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे. दुकान एकाचे, भांडवल त्याचे, आणि परवान्यासाठी लागणारे नाव दुसऱ्याचे. चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्रावर ज्याचे छायाचित्र आहे, तो फार्मासिस्ट दुसऱ्याच गावी दुसरेच काम करीत असतो. महिन्याकाठी ठरलेली अल्प रक्कम त्याला पोहोचते. त्याला वाटते, घरबसल्या चार पैसे सुटले. दुकानदाराला वाटते, पूर्ण पगार वाचला. या सौद्यात दोघांचाही लाभ दिसतो; परंतु त्याची किंमत तिसऱ्यालाच मोजावी लागते. हा तिसरा म्हणजे प्रथमतः रुग्ण, आणि त्याच्या मागोमाग प्रामाणिकपणे दुकानात उभा राहून काम करू इच्छिणारा नवा पदविकाधारक.

कारण उघड आहे. नाव जर इतक्या स्वस्तात मिळत असेल, तर माणसाला पुरा पगार कोण देईल? गैरहजर फार्मासिस्टचे भाडेच हजर फार्मासिस्टचे वेतन ठरवीत असते. ज्याने प्रमाणपत्र भाड्याने दिले, त्याने आपल्या पाठच्या शंभर जणांची मजुरी पाडली. शिवाय त्याचे स्वतःचेही भवितव्य तेथेच खुंटले. दहा वर्षांनी त्याच्यापाशी दहा वर्षांचा अनुभव नसतो. असते ती दहा वर्षांपूर्वीची पदविका. या काळात नवी औषधे आली, जुनी मागे पडली, 2014 पासून प्रतिजैविके व क्षयरोगाची औषधे यांसारख्या निवडक औषधांसाठी ‘एच-1’ ही स्वतंत्र अनुसूची आणि तिची स्वतंत्र नोंदवही आली. यांतले काहीच त्याच्या हाताखालून गेलेले नसते. असा माणूस मार्ग बदलू म्हणाला, तरी कोणता मार्ग त्याला आत घेणार?

दुकानदाराची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. गावातील औषधाचे दुकान म्हणजे सोन्याची खाण आहे, हा समज आता जुना झाला. ज्या औषधांच्या किमती सरकारने बांधून दिल्या आहेत, त्यांवर किरकोळ विक्रेत्याचा वाटा 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशाने 16 टक्के धरला आहे. शहरात सवलतीच्या पाट्या लावणारी साखळी दुकाने आली. घरपोच औषधे पाठविणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांसाठी सरकारने 2018 मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला खरा. पण तो व्यापार नियमांची वाट पाहत थांबला नाही. उधारीवर औषध नेणारा शेतकरी पैसे देतो ते पीक विकल्यावर. अशा दुकानाने पूर्ण वेळचा पगारी फार्मासिस्ट कसा पोसावा, ही अडचण खोटी नाही. मात्र तिचे उत्तर नाव भाड्याने घेणे हे नव्हे. लहान गावात दुकानाचा मालक आणि फार्मासिस्ट ही एकच व्यक्ती असणे, हेच त्याचे सरळ उत्तर आहे. बँकेचे कर्ज, जागा आणि परवाना यांबाबत स्वतः गल्ल्यामागे उभ्या राहणाऱ्या फार्मासिस्टला अग्रक्रम मिळाला, तर हे उत्तर व्यवहारातही उतरेल. केंद्र सरकारच्या जनऔषधी योजनेने केंद्रचालक स्वतः पदविका वा पदवीधारक असावा अथवा त्याने तसा माणूस नेमावा, अशी अट ठेवली आहे. या केंद्रांची संख्या 2023 अखेर दहा हजारांवर गेली. परंतु तेथेही नेमलेला माणूस हजर असतो की त्याचे नुसते नाव, हा प्रश्न सुटत नाही.

गैरहजेरीची किंमत किती भयंकर असू शकते, याची आठवण महाराष्ट्राला वेगळी करून द्यावयास नको. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 च्या आरंभी दूषित ग्लिसरॉलमुळे 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणात खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या प्रत्येक पायरीवरील हलगर्जीपणा उघड केला. तेच विष, डायएथिलीन ग्लायकॉल, 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून मुलांच्या पोटात गेले. वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर उपचार चालू होते ते नागपुरात. विष कारखान्यात मिसळले गेले, ते दुकानातील फार्मासिस्टला डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते, हे खरे. परंतु एखाद्या औषधाचा विशिष्ट बॅच क्रमांक विकू नका, असा आदेश निघाल्यानंतर गावातील दुकानाच्या फळीवरून त्या बाटल्या त्याच दिवशी कोण उतरवणार? त्या कोणाकोणाला विकल्या गेल्या, हे नोंदींतून कोण शोधणार? भिंतीवरचे प्रमाणपत्र हे काम करू शकत नाही.

आता पुढील वाटांचा विचार करू. दुकान ही एकच वाट आहे, असे मानण्याचे कारण नाही. पदविकेनंतर बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषध निर्माण अधिकारी हे पद असते. जिल्हा परिषदांनी 2023 मध्ये 19 हजारांहून अधिक पदांसाठी जी भरती जाहीर केली, तीत या पदाचाही समावेश होता. परंतु एका केंद्रात असे पद साधारणतः एकच. आणि तीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हे प्रमाण धरले, तर सरकारी नोकरी किती जणांच्या वाट्याला येणार, हे गणित हसनाबादचा शाळकरी मुलगाही करू शकेल. औषध निरीक्षक व्हावयाचे तर पदवी हवी आणि स्पर्धा परीक्षेची तयारी हवी. केवळ पदविकेवर ते दार उघडत नाही.

कारखानदारीची वाट हसनाबादपासून फार दूर नाही. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत औषधांचे मोठे कारखाने आहेत. तेथील काम मात्र गोळ्या पाडण्यापुरते राहिलेले नाही. वोक्हार्टच्या वाळूज आणि चिकलठाणा येथील कारखान्यांतील मालाच्या आयातीवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये निर्बंध घातले, तेव्हा एक गोष्ट साऱ्या उद्योगाला उमगली. माल चांगला असणे पुरेसे नाही. तो चांगला आहे हे नोंदींनी सिद्ध करता आले पाहिजे. तेव्हापासून गुणवत्ता नियंत्रण, कागदपत्रांची काटेकोर तपासणी आणि नियामक यंत्रणांशी पत्रव्यवहार करणाऱ्या माणसांचे महत्त्व वाढले. औषधांचे दुष्परिणाम नोंदविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला आणि त्यातून कामाचे आणखी एक नवे क्षेत्र निघाले. गावातील फार्मासिस्टही अशा दुष्परिणामाची माहिती त्या कार्यक्रमाला कळवू शकतो.

रुग्णालयातील वाट सर्वांत नवी. सहा वर्षांचा ‘फार्म. डी.’ हा अभ्यासक्रम भारतात 2008 मध्ये आला. रुग्णाच्या खाटेशी उभे राहून डॉक्टरांना औषधांविषयी सल्ला देणारा तज्ज्ञ घडविणे, हा त्याचा हेतू. परदेशी जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की, 2003 पासून पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टकडून अमेरिका किमान पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अपेक्षा करते. आपली चार वर्षांची पदवी तेथे अपुरी पडते. इंग्लंडने तर 31 जानेवारी 2024 पासून घसादुखी, कानदुखी यांसारख्या सात किरकोळ आजारांत ठरवून दिलेल्या नियमांच्या चौकटीत उपचार करण्याचे काम गल्लीतील फार्मासिस्टवर सोपविले आहे. तेथील समाजाने हा विश्वास टाकला, कारण दुकानात गेल्यावर फार्मासिस्ट भेटतो, हा तेथील लोकांचा अनुभव आहे.

या साऱ्या वाटांचे स्वरूप वेगळे असले, तरी त्यांची मागणी एकच आहे. प्रत्येक ठिकाणी विचारले जाते ते ज्ञान, आणि ज्ञानाचा प्रत्यक्ष वापर केल्याचा पुरावा. आपल्याकडील नियमांनाही हे मान्य आहे. फार्मसी व्यवसायाच्या 2015 च्या विनियमांनी रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरविले आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग पुरे करण्याची अट घातली. पदविकाधारकांना नोंदणीपूर्वी बहिर्गमन परीक्षा द्यावी लागेल, असा नियम 2022 मध्ये अधिसूचित झाला. नियम आहेत, उणीव आहे ती त्यांमागे उभे राहण्याच्या इच्छाशक्तीची.

ही इच्छाशक्ती दाखविण्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने परवान्याच्या कागदाऐवजी आधी माणूस पाहावा. ज्याचे नाव भाड्याने दिल्याचे सिद्ध होईल, त्याचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्याचा जो अधिकार परिषदेला आहे, तो तिने वापरावा. प्रत्येक विद्यालयाने मागील पाच वर्षांतील विद्यार्थी आज कोठे काम करतात, हे प्रवेशाच्या वेळीच जाहीर करावे, म्हणजे कर्ज काढणाऱ्या पालकाला आपला हिशेब पुरा करता येईल. पाचशे तासांचे प्रशिक्षण नुसत्या सहीशिक्क्यावर उरकू नये. जालन्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जिल्ह्यातील फार्मासिस्टांचे उजळणी वर्ग तेथे, रुग्णांच्या सान्निध्यात घेतले गेले, तर ते नावापुरते राहणार नाहीत.

आणि काही जबाबदारी त्या तरुणाचीही आहे. महिन्याच्या अल्प रकमेसाठी आपले नाव विकणारा केवळ कायदा मोडत नसतो; ज्या शिडीवर चढावयाचे, तिच्याच पायऱ्या तो जळणासाठी फोडत असतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच सांगितली पाहिजे, प्रमाणपत्र हाती आल्यानंतर नव्हे.

हसनाबादसारख्या गावात रात्री तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन आलेली आई मेडिकलच्या पायरीशी उभी राहते. भिंतीवर कोणाचे प्रमाणपत्र आहे, ते ती वाचत नाही. समोरच्या माणसाने औषध किती, केव्हा आणि किती दिवस द्यावयाचे ते नीट सांगावे, एवढीच तिची अपेक्षा असते. तो माणूस खरोखर फार्मासिस्ट असेल, तर त्या बालकाची काळजी घेतली जाईल आणि त्या तरुणाच्या पदविकेचेही सार्थक होईल. तसा माणूस तेथे उभा राहीपर्यंत नव्या विद्यालयांची भर म्हणजे केवळ नव्या चौकटींची भर ठरणार आहे.